'पर्याय नव्हता म्हणून आवडलं' म्हणणाऱ्या वाचकांना

आवडत्या जुन्या-नव्या मालिकांवर मी लिहिलं होतं त्याखाली एका वाचकांची भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यादीत जवळजवळ सगळं जुनंच आहे, वेब सिरीज दोन ओळींत गुंडाळल्यात, 'रात्रीस खेळ चाले'चं कौतुक करून मी कोकणाची बदनामी करणाऱ्यांना साथ दिली, लेख लांबलाय, 'डार्क' आणि 'मनी हाइस्ट' नसलेली यादी ही यादीच नव्हे, असं बरंच काही आहे. आणि मधेच हे वाक्य, जसंच्या तसं देते: "काकू, तुमच्या गावात एकच चॅनल दिसायचं, दुसरा पर्यायच नव्हता म्हणून तुम्हाला ते सगळं ग्रेट वाटतं, ही आवड नाही, नाईलाज आहे." पुढे हसण्याच्या दोन इमोजी.

आधी एक सांगते. काकू म्हटल्याचं मला काही वाटत नाही, वाडीतली सगळी पोरं मला काकूच म्हणतात, पण ती दारात चपला काढून आत येतात आणि मग म्हणतात. तुम्ही नाव लपवून येता, काकू म्हणता आणि लगेच हसता. मतभेद असू द्या ना, माझा नवरासुद्धा माझ्या अर्ध्या यादीशी सहमत नाही, रोज जेवताना वाद होतो आमचा, पण तो मला "तुला कळत नाही कारण तू गावातली" असं म्हणत नाही. तुमच्या वाक्याचा खरा अर्थ तोच आहे आणि तोच मला लागलाय, उगाच कशाला लपवू.

एक गोष्ट मान्य करते. वेब सिरीजबद्दल मी कमी लिहिलं हे खरं. 'पंचायत' मला मनापासून आवडते, फुलेरा गाव उत्तर प्रदेशातलं दाखवलंय पण त्या ऑफिसातली खुर्ची, तो प्रधानजींचा दुधी, ते सचिवाचं एकटं पडणं हे आमच्या ग्रामपंचायतीतही तसंच सापडेल, त्यावर अजून लिहायला हवं होतं. 'गुल्लक'वर पण. झालं, हे तुमचं बरोबर.

आता नाईलाज. एकच चॅनल होतं हे खरंच आहे, तेही धड नाही. आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला मुंबई लागायचीच नाही, अँटेना पणजीच्या दिशेला फिरवून ठेवलेली असायची. पावसात ती फिरली की मुंग्या, मग कोणीतरी नळ्यांवर, म्हणजे कौलांवर, चढायचं, खालून दुसरा ओरडायचा "इला, इला, गेला!", नळा फुटला की आईची बोलणी वेगळी. वडिलांनी काजूच्या पैशांतून शटरवाला टीव्ही आणला तेव्हा आमच्या वाडीत तो एकच, आणि लाईटचा भरवसा नव्हता म्हणून ट्रकची बॅटरी जोडायची सोय करून ठेवलेली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचं 'चिमणराव' मुंबईकरांनी सत्तरच्या दशकातच बघितलं, आम्हाला ते सुट्टीत आलेल्या चाकरमान्यांनी तोंडी सांगितलं, इतपत आमची अवस्था. तर चॅनल एक होतं हे मला तुमच्याकडून कळायची गरज नाही.

पण त्या एका चॅनलवर एकच कार्यक्रम लागायचा का हो? सकाळी, संध्याकाळी कितीतरी गोष्टी लागायच्या. भाषणं लागायची, माहितीपट लागायचे, आज नावही आठवणार नाही अशा डझनावारी मालिका तेरा भागांच्या येऊन गेल्या. त्या लागल्या की बायका भाकऱ्या थापायला उठायच्या, पुरुष विडी ओढायला बाहेर, आम्ही मुलं खळ्यात लगोरी. आणि 'नुक्कड' लागलं की तीच माणसं परत. पर्याय नव्हता म्हणून सगळंच आवडायला पाहिजे होतं ना मग? मग माणसं उठून का जायची? उठून जाणं हीच निवड होती आमची, आणि ती बॅटरी संपत आलेली असताना तर फार विचार करून करायची, कारण आता हे बघितलं तर रात्रीचं दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं.

माझी आजी निरक्षर होती. जन्मभर दशावतार बघितलेली बाई. जत्रा आली की ती रात्र-रात्र जागायची, दहीकाला होईपर्यंत उठायची नाही, कुठल्या कंपनीचा कुठला नट कुठल्या आख्यानात उभा राहतो हे तिला पाठ. आमच्याकडे अजूनही तसंच आहे, दशावतारी नट सुधीर कलिंगण होते तोवर त्यांचं काम आहे म्हटलं की लोक गाड्या करून दुसऱ्या तालुक्यात जायचे, आणि काम पडलं तर तोंडावर सांगायचे. असल्या प्रेक्षकाला तुम्ही नाईलाजाने बघणारा म्हणता! बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि १९९० च्या जूनपर्यंत ९४ भाग चाललं, आजीने ते बघितलं ते हात जोडून नव्हे, पारखून. एका राजाचं काम करणाऱ्या नटाला बघून म्हणाली होती, "सोंग बरा आसा, पण आवाज खंय? ह्येच्यापेक्षा आमचो संकासूर बरो." पण समय बोलायला लागला की (तो आवाज हरीश भिमाणींचा) गप्प बसायची, म्हणायची ह्यो सूत्रधार जाणता. राही मासूम रझांनी लिहिलेले ते संवाद होते, हिंदी तिला अर्धवट कळायचं, तरी कोण चांगलं बोलतंय ते कळायचं. तिला टीव्हीशिवाय दुसरा पर्याय होता, दशावतार होता, भजनं होती, शेजारच्या गजाली होत्या. टीव्हीला त्यांच्याशी टक्कर देऊन तिला मिळवावं लागलं, हे तुमच्या लक्षात येत नाही कारण तुमच्या मते टीव्ही नसेल तर माणूस भिंतीकडे बघत बसतो.

'मालगुडी डेज'चंही सांगते. शंकर नाग यांनी ती कर्नाटकात आगुंब्याला चित्रित केली, तुफान पावसाचं गाव. टीव्हीवर तोपर्यंत बघितलेली घरं दिल्ली-मुंबईची, आणि इथे अचानक कौलारू घर, पडवी, ओली माती, शाळेला दांडी मारणारा स्वामी आणि त्याचा कडक बाप गिरीश कार्नाड. आर. के. लक्ष्मण यांची चित्रं सुरुवातीला. मी तेव्हा शाळेत होते, आम्ही भावंडं ते बघताना बोलायचो नाही. आज माझ्याकडे फायबर नेट आहे, दोन-तीन ॲपचे पैसे भरलेले आहेत, आणि मी तरी 'मालगुडी' परत लावते. आता माझा कसला नाईलाज?

इथेच तुमचा मुद्दा पडतो, पण तुम्ही ऐकणार असाल तर पुढेही सांगते. १९९३ ला बासू चॅटर्जींचं 'ब्योमकेश बक्षी' आलं, रजित कपूर आणि के. के. रैना, तोपर्यंत झी टीव्ही सुरू होऊन शहरात केबल पोचलेली होती, म्हणजे पर्याय होता, तरी शहरातल्या माझ्या मावसबहिणी दूरदर्शनवर तेच बघायच्या. १९९९ ला अल्फा मराठी आलं, 'आभाळमाया' आली, तोपर्यंत आमच्याकडेही केबलवाला खांबावर चढलेला होता, रिमोटवर बटणंच बटणं. सुधा जोशीसाठी माझी आई बाजारातून रिक्षा करून घरी यायची, एरवी रिक्षाला पैसे घालणारी बाई नव्हती ती. मग २००१ पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका, घरातली पाच माणसं आणि त्यांचं साधं रोजचं जगणं, कट नाही, कारस्थान नाही, त्याच वेळी हिंदीत सासू-सुनांचा धुमाकूळ चालू होता आणि तोही आम्हाला दिसत होता. दिसत असून आम्ही टिपरे लावलं.

आणि २०२० चा लॉकडाऊन आठवा. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागरांचं १९८७ चं 'रामायण' परत दाखवायला सुरुवात केली. नवे एपिसोड बंद होते हे खरं, पण ओटीटी तर चालू होतं, 'पंचायत'चा पहिला सीझन त्याच एप्रिलमध्ये आला. माझा भाचा मुंबईहून येऊन आमच्याकडे अडकलेला, हातात फोन, फोनमध्ये सगळं जग. तो सकाळी नऊला माझ्याबरोबर 'रामायण' बघायचा आणि रात्री आम्ही दोघं 'पंचायत' बघायचो. दोन्ही आवडीने. तोही नाईलाजातला का? की तो गावात अडकला म्हणून त्याची आवड बिघडली?

तुम्ही माझ्याबद्दल काही माहीत नसताना बोललात म्हणून हेही सांगते. मी बरीच वर्षं वाचनालयात काम केलंय, लोक काय मागतात, काय घेऊन जातात आणि काय न वाचता परत आणतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. ज्या वाचनालयात मोजकी पुस्तकं असतात तिथला वाचक त्यातली चांगली पुस्तकं बरोब्बर हुडकून काढतो, पानं सुटलेली पुस्तकं बघितली की कळतं. तेव्हा कमी असलं की माणसाची पारख मरते हे मला कोणी शिकवू नये. निदान इमोजी टाकून तरी नको.

बाकीच्या मुद्द्यांचं काय. 'रात्रीस खेळ चाले'ने बदनामी झाली हा वाद २०१६ ला मालिका सुरू झाली तेव्हाच इकडे होऊन गेलाय, त्यात मला परत पडायचं नाही. मालिकेचं चित्रीकरण झालं ते आकेरी आमच्यापासून लांब नाही, तिथला तो वाडा बघायला कुठून कुठून गाड्या यायच्या ते आम्ही बघितलंय, आणि पांडूसारखा, माईसारखा माणूस आमच्या शब्दांत, आमच्या हेलात रोज रात्री बोलताना ऐकणं हे काय असतं ते ज्याची भाषा कधीच टीव्हीवर आली नाही त्यालाच समजेल. 'गाव गाता गजाली' पण त्यासाठीच यादीत आहे. भुतं आवडत नसतील तर नका बघू, माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक हा भुतांपेक्षा कितीतरी भयंकर आहे आणि तो माणूस आहे, तेवढं बघितलं असतंत तर बदनामी शब्द लिहिला नसतात.

लेख लांब झाला म्हणता, मग हा वाचू नका.

'डार्क'बद्दल. जर्मन मालिका, तीन सीझन, काळ मागेपुढे जातो, मी बघायला घेतली आहे तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीपासून, कोण कोणाचा कोण हे वहीत लिहून ठेवावं लागतं तरी सोडलेली नाही. 'मनी हाइस्ट' मी अर्धवट सोडली आणि त्याबद्दल मला काहीही वाटत नाही. 'चर्नोबिल' पाच भागांची आहे ती तुम्ही लिहिली नाहीत, मला तर ती या सगळ्यांत वरची वाटते, त्या छपरावरून ग्रॅफाईट उचलणारी माणसं बघून मला झोप आली नव्हती. 'स्कॅम १९९२' पण नाही तुमच्या यादीत, प्रतीक गांधीचं काम बघितलं नसेल तर बघा. म्हणजे नवं मी बघत नाही हे कुठून काढलंत ते मला कळलेलं नाही. तौक्ते वादळानंतर आमच्याकडे लाईट नव्हती, टॉवर बंद, तेव्हा काही दिवस काहीच दिसलं नाही, तेवढाच काय तो माझा खंड.

अजून एक. तुमच्या प्रतिक्रियेत मालिकांची नावं भरपूर आहेत, पण एकाही मालिकेतला एकही प्रसंग नाही. कोण काय बोललं, कुठे तुम्ही थांबलात, कुठला भाग परत लावलात, काही नाही. नुसती नावं आणि रेटिंग. मी माझ्या आवडीला कारणं दिली होती, खालच्या इतर वाचकांनीही दिली, एकाने 'नुक्कड'मधल्या खोपडीवर इतकं सुंदर लिहिलंय, समीर खक्करच्या त्या झोकांड्या खाणाऱ्या चालीबद्दल, ते तरी वाचा. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे तिथेच. पण परत लिहाल तेव्हा 'डार्क'मधला तुम्हाला आवडलेला एक प्रसंग लिहा, सीझन संपवायच्या आधी मलाही तो शोधता येईल. आणि नाव लिहा खाली.