व्याख्यान होऊ न देता व्याख्यानमाला कशी पार पाडावी

विद्यापीठाचं पत्र आलं की घाबरून जाऊ नका. व्याख्यान आयोजित करा आणि अहवाल सादर करा, एवढंच त्यात असतं. जुन्या प्राध्यापकांना यातलं पहिलं काम महत्त्वाचं वाटायचं. म्हणून तर त्यांच्या फायली रिकाम्या राहिल्या. तुम्ही दुसऱ्याकडे लक्ष द्या.

तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली धरा. ३१ मार्चच्या आत निधी खर्ची पडतो, हा एक फायदा. दुसरा असा, की त्या दिवसांत यवतमाळ-वाशीमकडे दुपारी दोन वाजता टिनाच्या सभागृहात जो येऊन बसतो, तो मुकाट्यानं काहीही ऐकून घेतो. कूलर दोन लावा आणि दोन्हींची तोंडं स्टेजकडे करा. ते घरघरायला लागले की पहिल्या रांगेपलीकडे वक्त्याचा शब्द पोचत नाही. वादग्रस्त विधानाची भीती तिथेच मिटली.

विषय 'जागतिकीकरणोत्तर साहित्यातील बदलते मूल्यभान' असा काहीतरी ठेवा. चुकूनही गुलाबी बोंडअळीच्या वाटेला जाऊ नका. २०१७ साली या अळीनं कपाशीची बोंडं आतून पोखरून टाकली, तेव्हापासून लोक त्यावर बोलायला टपून बसले आहेत. ते येतील, पिशवीतून किडकी बोंडं आणतील, शालीच्या तबकाशेजारी ओततील आणि विचारतील, "साहेब, औषध मारूनबी हे असं काऊन होऊन रायलं?" आता मूल्यभानवाल्यानं काय सांगावं? अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला शिवारफेरीची हौस आहे. तिथे शेतकरी उभ्या पिकांत हिंडतात आणि शास्त्रज्ञाला बांधावरच गाठतात. ज्याची त्याची आवड. आपल्याला वक्ता आणि श्रोता यांच्यामध्ये निदान चार कुंड्या तरी हव्यात.

पाहुणा लांबचा बघा. नागपूरचा चालतो, पुण्याचा उत्तम. तालुक्यातला माणूस कितीही वाचलेला असो, त्याला मानधन देताना आपला हात आखडतो, कारण त्याच्या गावाचं एसटीचं तिकीट किती, हे आपल्याला पाठ असतं.

खरी कसोटी वेळेची. खेड्यावरच्या पोरींची गाडी चारची, हे लक्षात ठेवून दोनचा कार्यक्रम तीनला सुरू करा. आधी दीपप्रज्वलन. समईची वात कूलरच्या वाऱ्यानं विझते, शिपाई हाताचा आडोसा धरतो, ती परत पेटते, आणि तेवढ्यात फोटोग्राफर म्हणतो, "सर, अजून एकदा, इकडे बघून." यात दहा मिनिटं सुखानं जातात. मग विद्यापीठ गीत, स्वागतगीत, रोपटं देऊन सत्कार. रोपटं एकच पुरतं. एका पाहुण्याच्या हातून ते टेबलामागून परत घ्यायचं आणि पुढच्याच्या हाती द्यायचं. तुळस असेल तर ती हे सगळं निमूट सोसते. त्यानंतर प्रास्ताविक. मग परिचय, तोही पाहुण्यांच्या सगळ्या शोधनिबंधांच्या शीर्षकांसकट. वक्ता उठेल तेव्हा पावणेचार झालेले असतील. त्याच्या पहिल्याच वाक्याला पोरी दप्तरं उचलतील, तेव्हा सूत्रसंचालकानं चिठ्ठी सरकवावी, 'सर, पाच मिनिटं.' अध्यक्षीय भाषणाला मात्र वेळेचं बंधन नसतं. अध्यक्षांची गाडी स्वतःची असते.

इथे एक धोक्याची सूचना. आपल्या विद्यापीठांना ज्यांची नावं आहेत, त्यांच्या पद्धतीचं अनुकरण करू नका. गाडगेबाबा दिवसा खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. प्रास्ताविक नाही, परिचय नाही. उलट समोरच्यांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत, म्हणजे सत्काराचा कार्यक्रमच बाद. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या जोरावर गावंच्या गावं बसवून ठेवली, पण त्या गर्दीचं एक सहीनिशी हजेरीपत्रक कुठे आहे? कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकपुढे दोघांचाही निभाव लागणार नाही. तेव्हा फोटोला हार घाला आणि लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळा.

झाडीपट्टीवाल्यांचं तर नावच काढू नका. गडचिरोलीत २०११ पासून चांगलं विद्यापीठ आहे, पण तिकडच्या लोकांना नाद नाटकाचा. धान निघाला की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, आणि ही माणसं पदरचे पैसे देऊन तिकीट काढतात, अंगावर घरची चादर घेऊन पहाटेपर्यंत मंडपात बसतात. तेही सर्टिफिकेटशिवाय! असल्या लोकांमुळे आमच्या पोरांना सवयी लागतात आणि मग ती सभागृहातून उठून जातात.

गर्दीची जबाबदारी तासिका तत्त्वावरच्या सरांवर टाका. पुढच्या वर्षीही तास मिळावेत असं त्यांना वाटत असतंच, त्यामुळे पोरं गोळा होतात. मिळतील तेवढी पोरं पुढच्या तीन रांगांत बसवा आणि डाव्या कोपऱ्यातून फोटो घ्या. मग त्यांनाच उजवीकडे हलवून दुसरा घ्या. बॅनर पूर्ण दिसला पाहिजे, वक्ता अर्धा दिसला तरी भागतं. फोटोवर अक्षांश-रेखांश उमटले की नाही ते मात्र तिथल्या तिथे बघा. नाहीतर पाहुणा पुण्याला पोचल्यावर कळतं आणि रिकाम्या खुर्चीला शाल पांघरावी लागते.

'उत्साहात संपन्न' ही बातमी सकाळीच पाठवून द्या. संध्याकाळी वार्ताहराला दुसरी कामं असतात.

उरले अभिप्रायाचे फॉर्म. ते आदल्या दिवशीच भरून ठेवणं बरं. पोरांच्या हाती कोरे दिले की बहुतेक जण 'उत्कृष्ट'वर खूण करतात, पण एखादा कार्टा 'कार्यक्रमातून काय मिळाले?' या रकान्यात 'आलूबोंडा' लिहितो, आणि खाली 'एकच' असंही. तो फॉर्म फाइलला लावू नका.