‘ओइरे’वरच्या आक्षेपाला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

फिनिश भाषेतल्या ‘ओइरे’वरचा, म्हणजे सिम्प्टमसाठी तिथले रोगी आणि डॉक्टर दोघेही वापरतात त्या साध्या शब्दावरचा माझा लेख म्हणजे भाषाप्रेमाचा उमाळा, असं तुम्ही लिहिलंय. प्रत्येकाने आपापले शब्द काढले तर वैद्यक चालायचं कसं, आणि सिम्प्टमला आपल्याकडे ‘लक्षण’ आहेच की, हेही.

फिनलंडमधले डॉक्टर लॅटिन विसरलेले नाहीत हो. १८८१ साली फिनिशमधून वैद्यक रुजवण्यासाठी बारा जणांनी संस्था काढली, तिचं नावच ‘दुओदेकिम’, म्हणजे लॅटिनमधले बारा! त्या काळी वैद्यकाचं शिक्षण स्वीडिशमधून चालायचं आणि खेड्यातला रोगी बोलायचा फिनिश. १८८५पासून संस्थेचं फिनिश नियतकालिकही निघू लागलं.

फरक पडतो तो तपासणीच्या खोलीत. तिथे डॉक्टर रोग्याला ‘ओइरे’ विचारतो आणि केसपेपरवरही ‘ओइरे’च लिहितो. तुम्ही विचारता ‘काय त्रास होतोय?’, लिहिता ‘सिम्प्टम्स’, आणि ‘लक्षणं’ उरतात वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीपुरती. (घरात ‘याची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत’ म्हणतात, ते वेगळं.) रोगी सांगतो ते ओइरे, तुम्हाला तपासताना सापडतं त्याला तिकडे वेगळा शब्द आहे, ‘सापडलेलं’ अशा अर्थाचा. सिंड्रोमचा शब्दही ओइरेपासूनच बनलाय, आणि कोरोनातला ‘लक्षणं नसलेला’ रोगीसुद्धा. इतकंच काय, ओइरेचं क्रियापदही आहे: माणूस ‘ओइरतो’ म्हणा ना.

खरा घेण्याजोगा आक्षेप मात्र तुम्ही घेतलाच नाहीत. ओल लागलेल्या शाळा-कचेऱ्यांमध्ये लोकांना खोकला, चोंदलेलं नाक, डोकेदुखी, थकवा जाणवतो. फिनलंडमध्ये याला सर्रास ‘सिसॅइल्मा-ओइरे’ म्हणतात, म्हणजे इमारतीतल्या हवेचे ओइरे. फिनिशमध्ये जोडशब्द चुटकीसरशी बनतात, पण इथे तपासणीआधीच कारण नावात जाऊन बसलं. ओल आणि बुरशीचा श्वसनाच्या तक्रारींशी, दम्याशी संबंध आहे, त्यात वाद नाही. पण नुसत्या ओइरेवरून दोष इमारतीचाच, हे ठरत नाही. तोच खोकला साध्या संसर्गाचाही असू शकतो. प्रश्न इतका मोठा, की २०१८पासून तिथे इमारतींमधली हवा आणि आरोग्य यावर दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे.

तेव्हा भांडायचंच असेल तर या जोडशब्दावर भांडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. साध्या ‘ओइरे’वर मात्र माझं म्हणणं कायम.