‘फ्री बर्ड’ला मृत्यूचा टेकू नको

भाचीने परवा ओकलंडच्या कार्यक्रमातल्या ‘फ्री बर्ड’ या गाण्याचा व्हिडिओ पाठवला. खाली नेहमीचा फिरता मजकूर: हा लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन रॉक बँडचा अखेरचा कार्यक्रम, तीन दिवसांनी विमान कोसळून सगळे गेले, वैमानिक नशेत होते, गाणं गिटारवादक ड्युएन ऑलमनच्या मृत्यूवर लिहिलेलं. पोरगी गिटार शिकते आणि तिने यातला शब्दन् शब्द खरा मानला. म्हणून लिहितोय.

कार्यक्रम 2 जुलै 1977 चा. विमान पडलं 20 ऑक्टोबरला, मिसिसिपीत. आदल्या रात्री ते साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला वाजवत होते. अपघाताच्या तीन दिवस आधी आला होता तो त्यांचा ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’ हा अल्बम. आणि ‘सगळे’ गेले नाहीत. सहा जण गेले. त्यांत गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची बहीण कॅसी. व्हिडिओतले बाकीचे दोघे गिटारवादक, ॲलन कॉलिन्स आणि गॅरी रॉसिंग्टन, जबर जखमी होऊन वाचले. रॉसिंग्टन 2023 पर्यंत होता.

वैमानिकांबद्दलचं वाक्य वाचून मात्र संताप येतो. दोघेही त्याच अपघातात गेले, उत्तर द्यायला कोण येणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा चौकशी अहवाल कुणालाही वाचता येतो. इंधन संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. इंधनसाठ्याकडे दुर्लक्ष झालं, उड्डाणाचं नियोजन अपुरं होतं, उजवं इंजिन बिघाडामुळे जास्त इंधन पीत होतं. वैमानिकांवर दोष ठेवलाय, स्वच्छ शब्दांत. नशेचं नाव त्या कारणांत नाही. मेलेल्या माणसांवर ती चिकटवायचा अधिकार या मजकूरवाल्यांना कुणी दिला?

ऑलमनचं अर्धं खरं, मान्य. मंचावरून ते हे गाणं त्याला अर्पण करायचे. पण तो ऑक्टोबर 1971 मध्ये गेला आणि गाणं त्याआधीचं आहे.

या वादनाची ताकद वादनातच आहे. संथ सुरुवात, रॉसिंग्टनची स्लाइड गिटार (तारांवर नळी घसरवत वाजवलेली), मग गाणं संपतं, लय दुपटीने धावू लागते आणि कॉलिन्स सुटतो. पुढची कित्येक मिनिटं शब्द नाहीत, तरी कुणी जागचं हलत नाही. भाचीला मी अटलांटाच्या फॉक्स थिएटरमधलं जुलै 1976 चं ध्वनिमुद्रणही पाठवलंय. तेव्हा अपघाताला सव्वा वर्ष अवकाश होता. शेवट तिथेही तितकाच अंगावर येतो.