ऑल्टरनेटिव्ह कंट्री संपले का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

'ऑल्टरनेटिव्ह कंट्री आजही जोमात आहे' या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया बारकाईने वाचली. दोन-चार ओळींत तिची बोळवण करणे बरे वाटले नाही, म्हणून हे उत्तर स्वतंत्रपणे लिहीत आहे. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. आपल्या मते ऑल्टरनेटिव्ह कंट्री किंवा ऑल्ट-कंट्री, म्हणजे रॉक-पंकच्या बाजूच्या कलावंतांनी जुन्या अमेरिकी कंट्री संगीताकडे वळून केलेले संगीत, ही चळवळ १९९० च्या दशकातली होती आणि तिला वाहिलेल्या 'नो डिप्रेशन' या नियतकालिकाचा छापील अंक २००८ मध्ये बंद झाला तेव्हाच तिचा शेवट झाला. आज तिच्या नावावर जे ऐकवले जाते ते एक तर 'अमेरिकाना' या नावाचे गुळगुळीत, पोक्त श्रोत्यांसाठीचे संगीत आहे, नाही तर झॅक ब्रायनसारख्या गायकांचे स्टेडियम भरणारे लोकप्रिय कंट्री. शिवाय गाण्यात कुठे पेडल स्टील ही आडवी गिटार वाजली की मी ते गाणे ऑल्ट-कंट्रीच्या खात्यावर जमा करतो, असाही आपला आक्षेप आहे. आपण ओहायोत राहता आणि या चळवळीतल्या विल्को या तुकडीला छोट्या क्लबात ऐकलेले आहे, त्यामुळे हे मत ऐकीव नाही, याची मला जाणीव आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो खरा असेल तर पुढच्या चर्चेला अर्थच उरत नाही. पेडल स्टील ही कसोटी होऊ शकत नाही, याबद्दल आपले दुमत नाही. कंट्री संगीताच्या व्यवसायाचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या अत्यंत गोडमिट्ट गाण्यांतही ती वाजते. हे वाद्य टेबलासारखे स्वतःच्याच पायांवर आडवे उभे असते. त्याच्या तारा बोटांनी दाबत नाहीत, तर डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतात, आणि पायाखालच्या पट्ट्या व गुडघ्याने ढकलायच्या खिट्ट्या यांच्या साहाय्याने तारेचा स्वर वाजता वाजता चढवतात किंवा उतरवतात. तिचे मूळ हवाईयन गिटारमध्ये आहे, आणि तीच हवाईयन गिटार जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून आपल्याकडच्या एका पिढीच्या कानांत बसलेली आहे. मींड ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला पेडल स्टील चटकन आवडते, आणि म्हणूनच तिच्या मोहात पडून निष्कर्ष काढणे टाळले पाहिजे. माझी कसोटी वाद्याची नाही, ती येण्याच्या वाटेची आहे. रॉक किंवा पंकच्या बाजूने आलेला, नॅशव्हिलच्या व्यवस्थेशी लागेबांधे नसलेला कलावंत जुन्या कंट्री ध्वनिमुद्रिकांकडे टिंगल न करता शिकण्यासाठी वळतो का, आणि ते शिकून स्वतःच्या गावाविषयी नवी गाणी लिहितो का, एवढेच मी पाहतो.

ही कसोटी माझ्या सोयीची नाही, हे ज्यांच्यापासून ही चळवळ सुरू झाली असे मानतात त्या अंकल टुपेलोकडे पाहिले तर पटेल. मिसिसिपी नदीच्या एका काठावर सेंट लुईस आणि पलीकडे इलिनॉय राज्यातले बेलव्हिल, अशा त्या उतरत्या कळेच्या औद्योगिक परिसरातली ही शाळकरी मित्रांची तुकडी आधी पंक आणि गॅरेज रॉक वाजवत होती. जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न यांनी १९९० मध्ये पहिला अल्बम काढला आणि त्याला कंट्रीतल्या आद्य गायकांपैकी एक असलेल्या कार्टर कुटुंबाने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्याचे नाव दिले, तेच पुढे त्या नियतकालिकाचेही नाव झाले. महामंदीच्या काळात लिहिलेले, स्वर्गात तरी मंदी नसेल असे सांगणारे ते भक्तिपर गाणे या तरुणांनी कसलाही उपरोध न आणता गायले. मात्र मला त्यांचा त्याहून महत्त्वाचा निर्णय १९९२ चा वाटतो. त्या वर्षीच्या जानेवारीत निर्व्हाना ही रॉक तुकडी बिलबोर्डच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली होती आणि ध्वनिमुद्रण कंपन्या गिटारचा गोंगाट करणाऱ्या पुढच्या तुकडीच्या शोधात अमेरिकाभर फिरत होत्या. नेमक्या त्या वेळी या तिघांनी गोंगाट बाजूला ठेवला आणि मार्च महिन्यात जॉर्जियातल्या अथेन्स गावी जाऊन, आर. ई. एम. या रॉक तुकडीचा गिटारवादक पीटर बक याच्या देखरेखीखाली, पाच दिवसांत जवळजवळ सगळा अल्बम ध्वनिक वाद्यांवर मुद्रित केला. त्यात कोळसा खाणींतल्या मजुरांची आणि चर्चची जुनी गाणी होती, त्यांच्या शेजारी स्वतःची नवी गाणी होती, आणि अल्बमचे नाव म्हणून फक्त त्या पाच दिवसांच्या तारखा होत्या. बाजार ज्या दिशेने धावत होता तिच्याकडे इतक्या उघडपणे पाठ फिरवलेली मला त्या दशकात फारशी कुठे दिसत नाही.

१ मे १९९४ रोजी सेंट लुईसमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि एकाच्या दोन तुकड्या झाल्या, ट्वीडीची विल्को आणि फरारची सन व्होल्ट. १९९५ मध्ये दोघींचे पहिले अल्बम आले आणि त्याच वर्षी सिएटलमध्ये 'नो डिप्रेशन' सुरू झाले. त्याच्या आगेमागेच शिकागोत ब्लडशॉट ही स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपनी उभी राहिली. आपण जिला चळवळ म्हणता ती म्हणजे हे सगळे एकत्र जुळून येणे होय, आणि ते जुळलेले विस्कटले हे मी नाकारत नाही. कंपन्यांच्या जाहिराती आटल्या आणि २००८ मध्ये नियतकालिकाचा छापील अंक बंद झाला. ब्लडशॉटही २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली. मात्र 'नो डिप्रेशन'ने २०१५ पासून त्रैमासिक रूपात पुन्हा छपाई सुरू केली, हे आपल्या प्रतिक्रियेतून निसटले आहे. आणि संगीताचे मरण जाहिरातींच्या उत्पन्नावरून ठरवायचे असेल, तर त्याच काळात बंद पडलेल्या इतर संगीतविषयक नियतकालिकांबरोबर निम्म्या अमेरिकी संगीताचे श्राद्ध घालावे लागेल.

अमेरिकानाच्या बाबतीत मी आपल्याशी बराचसा सहमत आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकाना संगीताच्या संघटनेने आणि २०१० पासून दिल्या जाणाऱ्या ग्रॅमी पुरस्काराने या संगीताला प्रतिष्ठेची खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीवर बसून अनेकांचा आवाज नको तितका सभ्य झाला. गायक टायलर चिल्डर्सने तर २०१८ मध्ये त्याच संघटनेचा उदयोन्मुख कलावंताचा पुरस्कार स्वीकारताना, आपण अमेरिकाना नसून कंट्री गायक आहोत, असे भर समारंभात बजावले होते. पण हे संगीत केवळ पिकल्या केसांच्या श्रोत्यांचे उरले आहे, हे आपले विधान टिकत नाही. २०२५ च्या ग्रॅमी समारंभात वेस्ट व्हर्जिनियाच्या सिएरा फेरेलने चार पुरस्कार मिळवले, आणि तिच्या कार्यक्रमांची ध्वनिचित्रे पाहिली तर पुढच्या रांगांत कोण उभे असते ते दिसतेच.

झॅक ब्रायनला मी ऑल्ट-कंट्रीत धरत नाही, मूळ लेखातही धरलेले नव्हते. त्याचा उल्लेख मी वेगळ्या कारणासाठी केला होता. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा काढून टाकली आणि काही वर्षांतच मूठभर कंपन्यांकडे शेकडो केंद्रे गेली. कंट्री रेडिओवर काय वाजणार हे त्यानंतर फार थोड्या टेबलांवर ठरू लागले. लुसिंडा विल्यम्ससारखी श्रेष्ठ गीतकार त्या रेडिओच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. या भिंतीच्या बाहेर जे उभे होते त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट पुष्कळदा ती भिंतच होती. गायक स्टर्जिल सिम्पसनला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचे ग्रॅमी मिळाले, पण त्याच वर्षीच्या कंट्री म्युझिक असोसिएशनच्या समारंभात त्याला स्थान नव्हते. तेव्हा तो नॅशव्हिलच्या त्या सभागृहाबाहेर पदपथावर गिटार घेऊन गात बसला आणि समोर उघड्या ठेवलेल्या गिटारच्या पेटीत त्याने ते ग्रॅमी ठेवले होते. त्यानंतर थोड्याच काळात, २०१९ मध्ये, नौदलात नोकरी करणाऱ्या झॅक ब्रायनने बराकीबाहेर उभे राहून गायलेले गाणे फोनवर मुद्रित होऊन सर्वत्र पसरले, आणि २०२३ मध्ये त्याचा अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिला आला. रेडिओची परवानगी त्याला घ्यावीच लागली नाही. भिंतीला असे खिंडार पडल्यावर तिच्या बाहेरच्यांना वेगळ्या झेंड्याची गरज कमी वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या आणि माझ्या मतांतला खरा फरक मला इथे दिसतो. झेंडा खाली आला याला आपण मृत्यू समजता. मी मात्र झेंड्याखालचे लोक कुठे गेले, काय वाजवत आहेत, ते पाहतो.

२०१५ नंतरची, माझ्याच कसोटीला उतरणारी नावे सांगा, असे आव्हान आपण दिले आहे. केटी क्रचफील्डचे नाव मी सर्वप्रथम घेईन. अलाबामात जुळ्या बहिणीबरोबर पंक वाजवत ती मोठी झाली. अलाबामातल्याच एका ओढ्याच्या नावावरून तिने वॅक्साहॅची हे नाव घेतले, आणि लुसिंडा विल्यम्सचे ऋण तिने जाहीरपणे मानलेले आहे. दक्षिणेतले उच्चार आणि सूर, जे पंकच्या वर्तुळात वावरताना तिने मागे ठेवले होते, ते २०२० च्या अल्बममध्ये संकोच न बाळगता परत आले. हा प्रवास बेलव्हिलच्या मुलांच्या प्रवासाहून कोणत्या अर्थाने वेगळा आहे, ते आपण सांगावे.

दुसरे नाव नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलच्या वेन्सडे या तुकडीचे. २०२२ मध्ये त्यांनी इतरांच्या गाण्यांचा एक संग्रह काढला. १९७५ मध्ये कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले गॅरी स्टुअर्टचे दारूवरचे गाणे आणि ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या ऑल्ट-कंट्री तुकडीचे गाणे त्यात शेजारी शेजारी आहेत. आपला वंश कोणता, हे याहून स्पष्ट कसे सांगायचे? पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या अल्बममध्ये त्यांची गायिका कार्ली हार्ट्झमन आपल्या भागातल्या शाळकरी वयातल्या चोरट्या भानगडी, नशेपायी गेलेली पोरे, महामार्गाकडेची दुकाने यांचे इतके नेमके तपशील देत जाते की ते ऐकताना एखाद्या तालुक्याच्या गावी मुक्कामाला असल्यासारखे वाटते. झँडी चेल्मिसची पेडल स्टील तिथे मागे राहून हळवे सूर धरत नाही. ती फाटलेल्या आवाजाच्या गिटारांमध्ये घुसते आणि कित्येकदा दोहोंत कोणता आवाज कशाचा हे कळत नाही. मला हे ऐकणे सुरुवातीला जड गेले, हेही सांगून टाकतो. याच तुकडीतला एम. जे. लेंडरमन १९९९ चा जन्मलेला, म्हणजे अंकल टुपेलो फुटल्यानंतरचा. २०२४ च्या त्याच्या अल्बममधले पुरुष बढाईखोर, हरलेले आणि थोडे केविलवाणे आहेत, आणि त्यांच्यावर हसता हसता त्यांची कीवही येते. जुन्या कंट्रीतले दारूच्या गुत्त्यातले गीतनायक याहून निराळे नव्हते. त्याच वर्षी वॅक्साहॅचीच्या नव्या अल्बमवर त्याने गिटार वाजवली आणि तिच्याबरोबर गायलाही, म्हणजे ही माणसे एकेकटी विखुरलेली नाहीत, त्यांचे आपसांत येणे-जाणे आहे.

विल्कोने स्वतःच ही वाट सोडली, असेही आपण लिहिले आहे. सोडली होती खरी, पण २०२२ मध्ये त्यांनी एकवीस गाण्यांचा जोड-अल्बम काढला आणि त्याच्या नावातच कंट्री हा शब्द घातला.

आता आपण न मांडलेला, पण मला अधिक काळजीचा वाटणारा मुद्दा. मार्च २०२२ मध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवासाठी केलेल्या दौऱ्याचा जमाखर्च वेन्सडेने समाजमाध्यमावर जाहीर केला होता. मानधन आणि टी-शर्टांची विक्री एका बाजूला, पेट्रोल, मुक्काम आणि जेवण दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी जवळपास शंभर डॉलरचा तोटा. ज्यांची समीक्षक तोंडभरून स्तुती करत होते त्यांची ही अवस्था होती. २०२४ पासून तर स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. १९९० च्या दशकात व्हॅन घेऊन गावोगाव फिरणाऱ्या तुकडीला वाटेत सीडी विकून पुढच्या गावापर्यंतचे पेट्रोल तरी भरता येत असे, तो आधार गेला आहे. हे संगीत करणाऱ्यांची नवी पिढी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या पिढीला सलग दहा वर्षे तेच करत राहणे परवडेल का, याबद्दल मात्र आहे. आपण ज्या छोट्या क्लबांत विल्कोला ऐकलेत त्यांपैकी किती आज चालू आहेत आणि तिथे नवख्या तुकडीला काय मिळते, याची माहिती आपल्याला माझ्यापेक्षा जास्त असणार. ती सवडीने लिहावी, ही विनंती.