मेणबत्ती घेतलीत, नियमही घ्या

मराठी रील्समध्ये सध्या एक प्रकार जोरात चाललाय. काळ्या कपड्यांतली गोड बोलणारी मुलगी, पुढ्यात टॅरोचे पत्ते, लाल मेणबत्ती, काचेच्या बरणीत मीठ, मिरी, दालचिनी आणि झाकणावर ओतलेलं मेण. खाली ओळ: 'एक्स परत हवाय? त्याचं नाव आणि फोटो डीएम करा.' दर विचारला की क्यूआर कोड येतो. कमेंटमध्ये पोरी धडाधड त्या मुलांची नावं टाकत असतात. आणि या सगळ्याला 'विक्का', म्हणजे स्वतःला विच (चेटकीण) म्हणवणाऱ्यांचा आधुनिक धर्म, म्हटलं जातं.

मला याचा मनापासून राग येतो. मी इंग्लंडमध्ये राहते, इथल्या पेगन (निसर्ग आणि ख्रिस्तपूर्व देवदेवता पूजणाऱ्या) मंडळींच्या बैठकांना जाते, त्यांच्यात माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. मी दीक्षा घेतलेली नाही, घेईन असंही वाटत नाही. पण ही माणसं मेणबत्ती पेटवायच्या आधी स्वतःशी किती वाद घालतात, ते मी जवळून पाहिलंय. रीलमध्ये बरणी आली, मेण आलं, चंद्राच्या तिथ्या आल्या. तो वाद तेवढा मागे राहिला. माझ्या मते विक्कामधली सगळ्यात मोलाची गोष्ट तोच आहे.

थोडा इतिहास सांगते, कारण 'हजारो वर्षांची प्राचीन विद्या' हेही त्या रील्समध्ये ठोकून दिलेलं असतं. विक्का हा विसाव्या शतकातला, इंग्लंडमध्ये आकाराला आलेला धर्म आहे. मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर यांनी तो लोकांपुढे आणला. आपल्याला एका जुन्या गुप्त परंपरेकडून हे मिळालं, असं ते सांगत. त्या सलग प्राचीन परंपरेला इतिहासकारांना आधार सापडलेला नाही. ब्रिटनमधला १७३५ सालचा विचक्राफ्ट (चेटूक) कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांनी या विषयावर उघडपणे पुस्तक काढलं. त्यांच्या गटात १९५३ साली दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएन्टे यांनी या धर्माला त्याची भाषा दिली. आज म्हटल्या जाणाऱ्या कितीतरी प्रार्थना त्यांच्या हातच्या आहेत. धर्म नवा असला म्हणून खोटा ठरत नाही, हे माझं ठाम मत आहे. पण नव्याला जुनं म्हणून विकणं ही फसवणूकच.

१९६४ मध्ये व्हॅलिएन्टे यांनी एका भाषणात विक्काचं सार सांगणारं वचन मांडलं. इंग्रजीत मोजून आठ शब्द. अर्थ असा की कुणाला इजा होत नसेल, तर तुझ्या मनात असेल ते कर. त्याला 'रीड' म्हणतात. म्हणजे सल्ला. इथे कुणी पोप नाही, मठाधिपती नाही, की आज्ञा मोडली म्हणून वाळीत टाकायला पंचायत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला काही विचेस एकत्र आल्या, त्यांनी १३ तत्त्वं ठरवली आणि ती परिषद त्याच वर्षी विसर्जितही झाली. तेव्हा प्रत्येकीला आपापल्या जबाबदारीवर ठरवावं लागतं, आणि गोची तिथेच आहे. कारण 'इजा' कशाला म्हणायचं?

प्रेमाचा तोडगाच घ्या. रील करणारी म्हणते, यात कुणाचं काय वाईट झालं? तो परत येईल, दोघं सुखी होतील. मी ज्या बायकांबरोबर बसते, त्यांच्यापैकी कुणीही हे मान्य करणार नाही. त्यांचं म्हणणं, नाव आणि फोटो घेऊन एखाद्या विशिष्ट माणसाचं मन वळवायला बसलीस, की तू त्याचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतलास. त्याला न विचारता. इजा ती हीच. म्हणून प्रेमासाठी काही करायचंच असेल तर कुणाचंही नाव न घेता करतात. माझ्यात प्रेम घ्यायची-द्यायची ताकद येऊ दे, योग्य माणूस भेटू दे, बस. मेणबत्ती तीच, लाल रंगही तोच. फरक एवढाच की तिथे दुसरं कुणी बांधलेलं नसतं.

इथे हमखास प्रश्न येतो: अगं पण हे सगळं चालतं तरी का? कशाच्या गप्पा मारतेयस तू? माझं उत्तर असं की नीतीचा प्रश्न त्याच्या आधीच सुरू होतो. एक मुलगी रोज रात्री एका मुलाच्या फोटोपुढे बसून 'तू माझाच, तू दुसरीकडे बघूच शकत नाहीस' असं घोकते. त्या मुलावर काही परिणाम होवो न होवो, त्या मुलीवर नक्की होतो. नकार पचवायची सवय तिला लागत नाही. समोरच्याचं 'नाही' हे आपल्या मेहनतीने पुसता येतं, असं तिच्या मनात बसतं. मुलगा हेच एखाद्या मुलीच्या फोटोपुढे करत असता तर आपण सगळ्यांनी त्याला काय म्हटलं असतं, याचा जरा विचार करा.

आमच्याकडे महिन्यातून एकदा एका पबच्या वरच्या खोलीत बैठक भरते. त्याला मूट म्हणतात. कोण काय वाचतंय, पुढचा सण कुठे करायचा, अशा साध्या गप्पा असतात. एकदा एक बाई भावाचा फोटो घेऊन आली. त्याचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेलं, ताप उतरत नव्हता. सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी काहीतरी करावं, असं तिला वाटत होतं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाई, सत्तरी उलटलेल्या, निवृत्त नर्स. त्यांनी फोटो हातात घेतला, नीट पाहिला आणि विचारलं, "त्याला विचारलंस का?" ही म्हणाली, "तो चर्चला जाणारा आहे. त्याला कळलं तर आवडणार नाही. म्हणून तर सांगितलं नाही." बाईंनी फोटो परत तिच्या हातात ठेवला. "मग त्याच्यासाठी नको. तुझ्यासाठी करू. तुला झोप नाही, ते दिसतंय." आणि खरंच तसंच केलं. तिला मध्ये बसवलं, एक मेणबत्ती लावली, तिला धीर मिळावा एवढंच मागितलं. नंतर बाईंनी कागद-पेन काढून हॉस्पिटलच्या फेऱ्या वाटून घेतल्या. सोमवारी कोण, बुधवारी कोण, डबा कुणाचा.

चांगल्या कामासाठीसुद्धा विचारायचं, हे मला तिथे कळलं. आपल्याकडे 'मी तुझ्यासाठी नवस बोलले' हे सांगताना परवानगीचा विचार मनालाही शिवत नाही. इथे मात्र बरं करण्यासाठीदेखील आधी होकार घेण्याचा आग्रह अनेक गटांत असतो. माणूस बेशुद्ध असेल तर 'त्याला हवं असेल तर' अशी अट घालून प्रार्थना करतात. या आग्रहापुढे मी नतमस्तक आहे.

आता तिप्पट परतीबद्दल. रीलवाल्यांना विक्कामधला एकच नियम ठाऊक असतो: जे कराल ते तिपटीने परत येईल. आणि तो धमकीसारखा वापरला जातो. गंमत बघा, गार्डनर यांनी कायदा रद्द व्हायच्या आधी, १९४९ मध्ये, टोपणनावाने एक कादंबरी लिहिली होती. तिच्यातल्या दीक्षेच्या प्रसंगात याचं मूळ दिसतं, आणि तिथला अर्थ वेगळाच आहे. तुला कुणी चांगलं दिलं, तर तू ते तिपटीने परत करायला बांधील आहेस. म्हणजे ते कर्तव्य होतं. साठच्या दशकानंतर, मुख्यतः अमेरिकेत, त्याचा विश्वाने ठोठावलेला दंड झाला. खुद्द व्हॅलिएन्टे यांनी पुढे सांगितलं की फक्त विचेससाठी कर्माचा वेगळा कायदा असेल हे त्यांना पटत नाही. मलाही पटत नाही. आपल्याला तिप्पट भोगावं लागेल म्हणून दुसऱ्याचं वाईट न करणं, ही भीती झाली. उपकाराची परतफेड वाढवून करायची, हा मूळ अर्थ मला कितीतरी मोठा वाटतो. तो का हरवू दिला, कळत नाही.

नियमांच्या बाबतीतला एक किस्सा सांगायलाच हवा. १९५७ च्या सुमारास गार्डनर वर्तमानपत्रांना सारख्या मुलाखती देत होते. गटातल्या लोकांची नावं उघड होतील, नोकऱ्या जातील, ही भीती खरी होती. तेव्हा व्हॅलिएन्टे आणि काही जणांनी वागण्याचे नियम ठरवू या म्हटलं. त्यावर गार्डनर यांनी एक जुन्या धाटणीच्या भाषेतली नियमावली पुढे केली आणि म्हणाले, नियम तर आधीपासूनच आहेत, प्राचीन आहेत. त्याबद्दल तोवर कुणी अवाक्षर ऐकलेलं नव्हतं! शिवाय त्यात एक कलम होतं की पुजारीण वयस्कर झाली की तिने तरुण बाईसाठी आनंदाने जागा सोडावी. व्हॅलिएन्टे गट सोडून बाहेर पडल्या. माझ्या लेखी आधुनिक विचक्राफ्टमधला तो सगळ्यात नैतिक क्षण आहे. गुरूने 'प्राचीन' म्हणून काहीही पुढे केलं, तरी आपली अक्कल गहाण ठेवायची नाही. ब्राइटनला त्या राहायच्या त्या इमारतीवर २०१३ मध्ये त्यांच्या नावाची निळी स्मृतिपाटी लागली.

त्याच नियमावलीत एक कलम मात्र लाखमोलाचं आहे: या विद्येच्या वापरासाठी पैसे घेऊ नयेत. गार्डनर यांच्या परंपरेतले गट दीक्षेचे आणि शिकवण्याचे पैसे आजही घेत नाहीत. टॅरो वाचणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या विचेस आहेत, त्यांच्यात यावर मतभेद आहेत, आणि वेळेचा मोबदला घेण्यात मलाही गैर वाटत नाही. पण 'अमुक इतके द्या, तो परत येईल' हा सौदा वेगळा. ईबे या ऑनलाइन बाजाराने २०१२ मध्ये तोडगे आणि शाप विकायला बंदी घातली, ती उगाच नाही.

शापाचा प्रश्न सोपा नाही, आणि तो सोपा असल्याचं मी भासवणार नाही. झुझाना बुडापेस्ट यांनी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला फक्त स्त्रियांचा गट काढला. बलात्काऱ्याला शाप द्यायलाच हवा, असं त्या उघड म्हणत. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना 'बांधून' टाकण्याचा विधी दर महिन्याला क्षीण होत जाणाऱ्या चंद्राच्या रात्री हजारो लोकांनी केला, आणि विक्कन मंडळींमध्येच त्यावरून जुंपली. गार्डनर स्वतः सांगत की १९४० मध्ये इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या जंगलात विचेस जमल्या आणि हिटलरच्या मनाला 'तू समुद्र ओलांडू शकणार नाहीस' असा हुकूम पाठवला. म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेला हात लावायचा नाही हा नियम त्यांनी स्वतःच वाकवला होता. मार खाल्लेल्या बाईला 'कुणाचं वाईट चिंतू नकोस' असा उपदेश मी तरी करणार नाही. 'त्याचा हात पुन्हा कुणावर उठू नये' असं तिने दोरीला गाठ मारून म्हटलं, तर मी तिच्या शेजारी बसेन. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यातही जाईन.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त छळतं ते. आपल्याकडच्या या 'विच' बायकांचं एक ठरलेलं वाक्य असतं: 'तुमच्यावर कुणीतरी केलंय. जवळचीच व्यक्ती आहे. बाई आहे.' पत्ते मांडून हे सांगायला त्यांना अर्धं मिनिटही लागत नाही. ऐकणारीच्या डोक्यात लगेच जाऊबाई येते, सासू येते, शेजारची विधवा येते. ज्या राज्यात नंदुरबारकडच्या पाड्यांवर डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालीय, गावातून हाकललं गेलंय, तिथे हे वाक्य बोलणं म्हणजे वाळल्या गवतात काडी टाकणं आहे. लंडनमध्ये एखादी स्वतःला अभिमानाने विच म्हणवून घेते, कारण आता तिला कुणी हात लावत नाही. सातपुड्यातल्या बाईला तो शब्द दुसरे चिकटवतात. स्वतःच्या बायोमध्ये मिरवताना तिची आठवण ठेवा, आणि दुसरीकडे बोट तर कधीच दाखवू नका. विक्काच्या आठ शब्दांचा मराठीत पहिला अर्थ मी हाच लावेन.

कायद्याचंही सांगून ठेवते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो आधी वटहुकूम म्हणून आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मंजूर होऊन आला. अमुक व्यक्ती करणी करते असं पसरवणं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी त्यासाठी नेमलेला असतो. आणि कुणी म्हणेल की परदेशात सगळं मोकळं आहे, तर तसंही नाही. ब्रिटनमध्ये १९५१ साली जुना कायदा गेला तेव्हा त्याच्या जागी 'मृतात्म्यांशी बोलतो' म्हणून पैशासाठी फसवणाऱ्यांविरुद्धचा कायदा आला, आणि २००८ पासून ते काम ग्राहक संरक्षणाच्या कायद्यांकडे आहे.

इनबॉक्समध्ये तीन-चार मुलींनी विचारलंय की खरंच शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांचा १९९९ सालचा विक्काचा इतिहास आधी वाचा. धुपासारख्या जाळायच्या पांढऱ्या सेजच्या जुड्या मागवू नका. ती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांची पवित्र वनस्पती आहे आणि बाजारासाठी रानातून चोरून तोडली जाते. घरात ऊद-धूप आहे, तो पुरतो. आणि कुणी पैसे, फोटो किंवा तिसऱ्याच माणसाचं नाव मागितलं, तर तिथून उठा. ज्यांनी ऑलरेडी पैसे भरलेत आणि आता 'आणखी भरा नाहीतर उलटेल' असे मेसेज येतायत, त्यांनी ते मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला लिहा. तक्रार अर्ज कसा करायचा ते आपण मिळून बघू.