हार्ड डिस्कला फोमची गादी नको, चार स्क्रू हवेत

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "हार्ड डिस्क आडवीच ठेवा, उभी ठेवली की मरते. स्क्रू आवळू नका, खाली फोम घाला, म्हणजे कंपनं मुरतात. पंख्यासमोर नको, धूळ शिरते. एसएसडी मात्र कशीही लटकवा." (एसएसडी म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क.) चार सल्ले, आणि त्यांतला फक्त शेवटचा अर्धवट खरा.

"उभी ठेवली की मरते." नाही. ३.५ इंची डिस्क आडवी, कुशीवर, उभी कशीही लावायला उत्पादकांचीच मुभा असते. डेटा वाचणारं-लिहिणारं हेड फिरत्या तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर वर तरंगतं, तिथे त्याच्या वजनाला किंमत नाही. डिस्क मरते ती चालू असताना कॅबिनेट कलंडवल्याने किंवा आपटल्याने. सिन्नरला मशीन न्यायचं असेल तर शटडाउन करा, तबकड्या थांबायला अर्धा मिनिट द्या, मग उचला.

"स्क्रू नको, फोम घाला." खरं नुकसान या सल्ल्याने होतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क मऊ फोमवर स्वतःच्याच धक्क्यांनी डुलते. हेड धरणारा आर्म इकडून तिकडे झेपावला की अख्खी डिस्क उलट दिशेला हलते, हेड ट्रॅकवरून सरकतं आणि तोच भाग पुन्हा वाचावा लागतो. मोठी फाइल कॉपी करताना वेग मधेच पडतो, तो असाही. शिवाय उष्णता डिस्कच्या धातूच्या अंगातून केजमध्ये (डिस्क बसवायच्या चौकटीत) आणि हवेत जाते. फोम दोन्ही वाटा अडवतो. वर, हवा भरलेल्या डिस्कवर एक बारीक छिद्र असतं, शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. फोम किंवा टेप नेमका तिथेच बसतो. (हेलियमच्या डिस्क सीलबंद असतात, त्यांना हे छिद्र नसतं.)

कंपन कमी करायचंच असेल तर ट्रेच्या भोकांत रबरी ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या कड्या) आणि त्यांच्यासाठीचे खांदेवाले, म्हणजे डोक्याखाली जाडसर टप्पा असलेले, स्क्रू वापरा. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये पॉवर प्रेसशेजारी मशीन असेल तर रबर कॅबिनेटच्या पायांखाली घाला, आणि जमलं तर टेबलच वेगळं करा.

स्क्रू कोणते? ३.५ इंचीला ६-३२ मापाचे, एसएसडीसारख्या २.५ इंचीला एम३ मापाचे. डबीत दोन्ही एकत्र पडलेले असतात आणि गोंधळ तिथेच होतो. ६-३२ जाडसर, आटे विरळ. एम३ बारीक, आटे दाट. एम३ मोठ्या डिस्कमध्ये सैल फिरत राहतो. ६-३२ एसएसडीत जबरदस्तीने घातला की आटे गेले. लांबी साधारण ५ मिमी पुरे, कारण लांब स्क्रू आतल्या भागापर्यंत पोचू शकतो. चार स्क्रू, दोन्ही बाजूंना दोन-दोन. आधी सगळे हाताने दोन-तीन आटे बसवा, मग कर्णाने आळीपाळीने घट्ट करा. बसला की थांबा. मनगटाचं जोर लावायचं काम नाही, इलेक्ट्रिक ड्रायव्हर तर नकोच. एकाच बाजूचे दोन लावून सोडलं की दुसरी बाजू अधांतरी थरथरते.

"पंख्यासमोर नको." उलट, पंख्यासमोरच. तबकड्यांचा कप्पा बंद असतो आणि छिद्राला आतून फिल्टर असतो. धूळ बसते ती बाहेर, ती ब्रशने काढता येते. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८-४० अंशांवर असते, तेव्हा डिस्क त्याहून गरम असणारच. दोन डिस्कमध्ये एक खण मोकळा सोडा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचं तापमान बघा. सतत ५० च्या वर दिसलं तर समोरचा पंखा लावाच.

"एसएसडी लटकवा." साटा केबलने जोडायच्या एसएसडीत फिरणारं काही नसतं, कंपनाने तिचं बिघडत नाही, हे खरं. दोन एम३ स्क्रूवरही ती सुखाने राहते. पण लटकली की सगळा भार साटा कनेक्टरच्या प्लास्टिकच्या पट्टीवर येतो, आणि ती पट्टी तुटली की डेटा ठीक असून डिस्क लागत नाही. धातूचं कव्हर मदरबोर्डवर किंवा ग्राफिक्स कार्डच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांवर पडलं तर शॉर्ट वेगळाच. डबल टेपनेच भागवायचं असेल तर निदान कॅबिनेटच्या तळावर, आडवी चिकटवा. उभ्या पत्र्यावरची टेप उन्हाळ्यात सुटते.