घरचं पायडल, घरची वीज

सायकलवर वीज तयार करायचं ठरवलंत ना? उत्तम. आता एकच पथ्य पाळा: हिशोब करायचा नाही. घरात कोणाला हिशोबाची खोड असेल तर त्या माणसाला काही दिवस माहेरी, मामाकडे, जिथे जमेल तिथे पाठवा.

सामानासाठी पुण्यातल्या जुन्या बाजारात जा. बुधवारी किंवा रविवारी. मोडीत निघालेल्या ट्रेडमिलची डीसी मोटर नशिबात असेल तर तिथे मिळते, आणि नशीब जोरावर असेल तर चालूही असते. विकणारा विचारेल, "कशाला पायजे?" खरं सांगू नका. मी सांगितलं. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि न मागता दोनशे रुपये कमी केले.

जोडणी सोपी आहे. सायकल स्टँडवर चढवा, मागच्या चाकाचा टायर आणि ट्यूब काढा, उघड्या रिमवरून पट्टा घेऊन मोटरच्या छोट्या पुलीवर चढवा. मोटर बाहेरून फिरवली की तीच जनित्र होते, आणि तिची वीज बॅटरीत भरायची. पायडलचा एक फेरा, चाकाचे अडीच, मोटरचे पंचवीस. हा पंचविसाचा आकडा पाहुण्यांना जरूर सांगा. फेरे पंचवीस पट झाले म्हणून वीज पंचवीस पट होत नाही, हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत चहा येतो.

मोटर आणि बॅटरीच्या मध्ये डायोड लावतात, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा दरवान. फार तर वीस-तीस रुपयांचा तुकडा. तो वाचवा, मी वाचवला होता. पहिल्याच रात्री अडीच वाजता गॅलरीतून टक-टक-टक-टक असा आवाज यायला लागला. आई उठली, तिने दिवा लावला आणि पाहिलं तर सायकलवर कोणी नाही, पायडल जागच्या जागी, आणि मागचं चाक मात्र भरधाव फिरतंय. आईने देवघराकडे धाव घेतली. मी बॅटरीकडे. डायोड नसला की बॅटरीतली वीज उलटी मोटरमध्ये शिरते आणि जनित्राची पुन्हा मोटर होते. संध्याकाळभर घाम गाळून भरलेली बॅटरी रात्रभर ती सायकल स्वतःच वापरत होती. घरात एवढा स्वावलंबी दुसरा कोणी नाही.

प्रात्यक्षिकाला माणसं बोलावलीत की आधी काहीही न जोडता पायडल मारायला द्या. पाय हलके फिरतात, पाहुणा खूश होतो, "अरे, हे तर काहीच नाही!" म्हणतो. मग जुना 100 वॉटचा पिवळा बल्ब जोडा. बल्ब जेमतेम लालसर होतो आणि पाहुण्याला सपाट गॅलरीत कात्रजचा घाट लागतो. वीज ओढली की जनित्र फिरवणाऱ्याला तेवढंच मागे ढकलतं, ह्याला लेन्झचा नियम म्हणतात. बारावीत मी तो ऑप्शनला टाकला होता. त्याने मला चाळिशीनंतर गाठलं.

तरीही कोणी हिशोब मांडलाच तर तो असा असतो. तुमच्या-माझ्यासारखा, जिना चढताना फोन आल्याचं निमित्त करून मधल्या मजल्यावर थांबणारा माणूस तासभर सलग साधारण 75 ते 100 वॉट काढू शकतो. पट्टा, मोटर, बॅटरी, इन्व्हर्टर असे सगळे आपापला हिस्सा कापून घेतात, कारण ही मंडळी आपल्याकडचीच आहेत. सॉकेटपर्यंत 50 वॉट पोचले तर सत्यनारायण घाला. एक युनिट म्हणजे 1000 वॉट-तास. म्हणजे वीस तास पायडल. त्यासाठी शरीराला सहा हजार कॅलरीच्या आसपास इंधन लागतं, कारण खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम पाव भाग पायडलपर्यंत येतो, बाकीचा घाम होऊन जातो. सहा हजार कॅलरी म्हणजे वीसेक वडापाव. महावितरण तेच युनिट वडापावाच्या भावात देतं. एका वडापावाच्या. शिवाय तिथे चटणी आपल्याला वाटावी लागत नाही.

आंघोळीचं पाणीही ह्याच विजेवर तापवा, असं मी सुचवेन. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नासवर न्यायला अर्धं युनिट पुरतं. पहाटे चारला बसलात तर दुपारी दोनला बादली तयार. त्यानंतर आंघोळीची खरोखरच गरज असते, हा ह्या योजनेचा मोठा गुण.

पायात दम नाही म्हणून हे होतं, असं कोणी म्हणालं तर त्याला जर्मनीच्या रॉबर्ट फोर्स्टेमनची आठवण करून द्या. ट्रॅक सायकलिंगमधला ऑलिंपिक पदकविजेता, मांड्या देवळाच्या खांबासारख्या. 2015 मध्ये त्याला 700 वॉटच्या टोस्टरला जोडलेल्या सायकलवर बसवलं. त्याने एक पाव भाजला. एक. आणि मग जमिनीवर आडवा झाला. सकाळी घाईत "टोस्ट जरा करपलाच" म्हणणाऱ्याने ती चित्रफीत बघून मग बोलावं.

उत्पन्नाची आशा असेल तर मात्र कोपनहेगनला जा. तिथल्या एका हॉटेलने 2010 मध्ये सायकलवर 10 वॉट-तास वीज तयार करणाऱ्या पाहुण्याला जेवण फुकट दिलं होतं. दहा वॉट-तास म्हणजे युनिटचा शंभरावा भाग. आपल्याकडच्या दराने दहा-बारा पैसे. बारा पैशांच्या मालाला एक जेवण! एवढा हमीभाव आमच्या कांद्याला मिळाला असता तर गावाकडचे चुलते आज हेलिकॉप्टरने शेतावर गेले असते. विमानाचं तिकीट तेवढं हिशोबात धरू नका. हिशोब करायचा नाही हे ठरलंय आपलं.

खरं तर लाइट गेल्यावर ही सायकल उपयोगी पडते, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. तासाभराच्या पायडलवर 9 वॉटचा एक दिवा पाच तास जळतो. जिथे वीजच पोचलेली नाही तिथे पाच तास उजेड म्हणजे मुलांचा अभ्यास. पण तुमच्या घरात तीन टनांचे दोन एसी आहेत, त्यामुळे हा भाग सोडून द्या.

फोनचं म्हणाल तर एक फोन पूर्ण भरायला अर्धा तास पायडल मारावं लागतं. परवा संध्याकाळी लाइट गेले तेव्हा चिरंजीव समोर मोडा टाकून बसले, वायर सायकलला, नजर फोनमध्ये. तो कुठल्या तरी परदेशी माणसाची डोंगरातली सायकल-शर्यत बघत होता. मी थांबलो की मान वर करून म्हणायचा, "बाबा, चार्जिंग थांबलं."

शेवटी बिलाचं. आमचं गेल्या महिन्याचं बिल चक्क चाळीस युनिटनी कमी आलं. मी त्याची झेरॉक्स काढून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली, खाली सायकलचा फोटो. तुम्हीही लावा. मधले नऊ दिवस आपण घराला कुलूप लावून गावी गेलो होतो, हे तेवढं त्यावर लिहू नका.